हाडाची पेशी घडताना केंद्रकात कोण कुठे असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीविज्ञान शिकवताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. बारावीनंतर जीवशास्त्र सुटलेल्या वाचकालाही वाचता यावं अशा बेताने लिहिलंय. बहुतेक उत्तरं फिरून एकाच मुद्द्यावर येतात, म्हणून तो आधीच सांगतो. जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन पेशीत नुसतं असून भागत नाही, ते केंद्रकात योग्य जागी असावं लागतं. हाडाची पेशी हे याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

हाड तर दगडासारखं कडक. त्यात पेशी घडतात म्हणजे नेमकं काय?

हाड जिवंत असतं. मोडलेलं हाड सांधतं ते म्हणूनच. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी खरवडून काढला जातो आणि नव्याने भरला जातो. खरवडणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, भरणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. ऑस्टिओब्लास्ट आधी कोलाजेनची जाळी विणतात, मग त्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसत जातात. हे करता करता काही ऑस्टिओब्लास्ट स्वतःच्याच बांधकामात गाडल्या जातात. त्या मरत नाहीत. लांब बारीक फांद्या पसरून शेजारच्या पेशींशी जोडलेल्या राहतात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. प्रौढ हाडातल्या १०० पेशींपैकी ९० हून अधिक याच असतात.

ऑस्टिओब्लास्ट मात्र पहिल्यापासून ऑस्टिओब्लास्ट नसते. तिची आई म्हणावी अशी मूळपेशी हाडाची पेशी होऊ शकते, कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीतल्यासारख्या लवचिक भागाची होऊ शकते, चरबीचीही होऊ शकते. ती हाडाच्या वाटेला लागते तेव्हा आत काय घडतं, हा या पानाचा विषय.

जनुक-नियंत्रक म्हणजे कोण?

तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि मांडीच्या हाडातल्या पेशीत डीएनए एकच आहे. प्रथिनांची सुमारे २०,००० जनुकं दोन्हीकडे तीच. फरक पडतो तो कोणती जनुकं वाचली जातात यावर. ते ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून तिथे बसतात आणि जवळचं जनुक वाचायला लावतात किंवा वाचू देत नाहीत. इंग्रजीत त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात, मी इथे नियंत्रक म्हणतो.

हाडाच्या पेशीचं मुख्य नियंत्रक आहे रन्क्स२. ते डीएनएवर टी-जी-टी-जी-जी-टी ही सहा अक्षरं शोधतं. ज्या भागाने ते डीएनए धरतं तो १२८ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांचा) तुकडा 'रंट' म्हणून ओळखला जातो. हे नाव फळमाशीकडून आलं. १९८० मध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी माशीच्या अळ्यांमधले बिघाड शोधले, त्यात एका जनुकाच्या बिघाडाने अळी खुरटी राहत होती. रंट म्हणजे खुरटं पिल्लू. त्या शोधमोहिमेसाठी दोघांना १९९५ चं नोबेल मिळालं. माशीला हाडं नसतात, पण तिच्यात सापडलेल्या त्या जनुकाचाच एक नातेवाईक आपला सांगाडा उभा करतो. मी हे कितीदा शिकवलं असेल, पण प्रत्येक वेळी या ठिकाणी क्षणभर थांबतो.

जुन्या लेखांत रन्क्स२ सापडतच नाही, असं का?

कारण तेव्हा त्याला वेगवेगळी नावं होती: सीबीएफए१, एएमएल३, ओएसएफ२, पीईबीपी२-अल्फा-ए. वेगवेगळ्या प्रयोगशाळांना ते वेगवेगळ्या वाटेने सापडलं होतं. जुनं वाचन करताना ही चारही नावं हाताशी ठेवा.

एवढी प्रथिनं असताना रन्क्स२ लाच मुख्य का म्हणायचं?

३० मे १९९७ रोजी 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात चार निबंध आले. जपानमधल्या तोशिहिसा कोमोरी यांच्या गटाने आणि लंडनमधल्या एका गटाने हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. गर्भात त्यांचा सांगाडा तयार झाला, पण सगळा कूर्चेचा. हाड कुठेच नाही, कवटीच्या जागी नुसता पडदा. जन्मल्यावर त्यांना श्वास घेता आला नाही आणि ती पिल्लं लगेच गेली. बरगड्या कडक नसल्या तर छाती हवा ओढू शकत नाही. तिसरा निबंध जेरार कार्सेन्टी यांच्या गटाचा. हे प्रथिन हाडाशी संबंध नसलेल्या पेशीत घातलं तरी ती हाडाची जनुकं वाचू लागते, असं त्यांनी दाखवलं. चौथा श्टेफान मुंडलोस आणि सहकाऱ्यांचा, माणसातल्या एका आजाराविषयी. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

यानंतर २००२ मध्ये ऑस्टेरिक्स नावाचं दुसरं नियंत्रक सापडलं. तेही नसेल तर हाड होत नाही. पण ते रन्क्स२ च्या पुढच्या पायरीवर येतं. रन्क्स२ नसेल तर ऑस्टेरिक्सही तयार होत नाही.

माणसात हे जनुक बिघडलं तर काय होतं?

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया हा आजार होतो. साधारण १० लाखांत एकाला होतो असा अंदाज आहे.

तान्ह्या बाळाची टाळू भरायची, म्हणजे तिच्यावर तेल जिरवायचं, ही आपल्याकडे रोजची गोष्ट. बोट ठेवलं की खाली धडधड लागते. तिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. बहुतेक मुलांची टाळू दीड-दोन वर्षांत मिटते. या आजारात ती कित्येक वर्षं उघडी राहते, कधी कधी कायमची. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड, म्हणजे जत्रुक, अपुरं असतं किंवा नसतंच, त्यामुळे काही जणांना दोन्ही खांदे छातीसमोर एकमेकांना टेकवता येतात. दुधाचे दात पडायला उशीर होतो आणि हिरड्यांत जादा दात अडकून राहतात. त्रास मुख्यतः दातांचा असतो आणि त्यासाठी लहानपणापासून दंतवैद्याची साथ लागते. बुद्धीवर परिणाम होत नाही आणि आयुष्य बहुधा पूर्ण मिळतं. घरात असं मूल असेल तर हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण 'जनुकीय आजार' हे शब्द ऐकून पालक फार घाबरलेले असतात.

यातून एक गोष्ट दिसते. रन्क्स२ अर्धं असेल तरी बाकीचा सांगाडा होतो. प्रमाण महत्त्वाचं आहे. जागेचा मुद्दा त्याच्या पुढचा.

केंद्रकात 'जागा' कसली? ती तर एक गोल पिशवी ना?

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीने हा घोटाळा करून ठेवलाय. वर्तुळ, आत एक ठिपका, बाकी ठिपक्याठिपक्यांची छटा.

प्रत्यक्षात साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या किंवा त्याहून छोट्या जागेत बसवलेला असतो. प्रत्येक गुणसूत्र आपापला इलाखा धरून असतं, शेवयांसारखी सगळी एकमेकांत मिसळलेली नसतात. न वाचली जाणारी जनुकं बरीचशी केंद्रकाच्या भिंतीला चिकटलेली असतात. त्या भिंतीला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं. मध्ये केंद्रिका, जिथे प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे भाग तयार होतात. आरएनएची, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या नकलेची, कापाकापी करणाऱ्या प्रथिनांचे वेगळे पुंजके. डीएनएचा कोणता भाग कोणत्या भागाला टेकतो हे मोजायची 'हाय-सी' ही पद्धत २००९ मध्ये आली. डीएनए वेटोळ्यांच्या वेगवेगळ्या खोल्यांत विभागलेला असतो, हे तेव्हापासून आकड्यांनी दाखवता येऊ लागलं.

आणि नियंत्रक? तेही केंद्रकभर सारखे पसरलेले नसतात.

रन्क्स२ सूक्ष्मदर्शकाखाली कसं दिसतं?

हे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण माझा या विषयात जीव गुंतला तो इथेच.

काचेवर वाढवलेल्या ऑस्टिओब्लास्ट घेतात. रन्क्स२ ला चिकटणारी प्रतिपिंडं वापरून त्याला हिरवं रंगवतात आणि डीएनएला निळं. अंधाऱ्या खोलीत नळीला डोळा लावला की आधी निळे लांबट गोल दिसतात, ती केंद्रकं. फिल्टर बदलला की त्याच जागी हिरवा रंग, पण तो एकसंध नसतो. बारीक बारीक ठिपके असतात, काळ्या कापडावर मोहरी सांडावी तसे. मध्ये केंद्रिकेच्या जागी बहुधा रिकामी पोकळी.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या काचेवरच्या पेशींवर आधी डिटर्जंट घालून विरघळणारी प्रथिनं धुऊन काढतात. मग डीएनए कापणारं एन्झाइम आणि नंतर क्षार घालून बहुतेक डीएनएही काढून टाकतात. आता निळा फिल्टर लावला तर जवळपास अंधार. हिरवा लावला तर ठिपके होते तिथेच. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काच चुकीची उचलली असं वाटून पुन्हा तपासली होती. ज्या डीएनएला हे प्रथिन धरून बसतं असं शिकलो होतो, तो बहुतेक गेला होता, आणि प्रथिन जागा सोडायला तयार नव्हतं. म्हणजे डीएनएखेरीज आणखी कशाला तरी ते धरून आहे.

जिवंत पेशीत पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. रन्क्स२ ला चमकणारं प्रथिन जोडून लेसरने एखाद्या भागातली चमक घालवली तर काही सेकंदांतच ती परत येऊ लागते. ठिपका जागचा हलत नाही, पण त्यातले रेणू सतत जात-येत असतात. पारावरची बैठक कायम, बसणारे बदलत राहतात, तसं.

रन्क्स२ ला त्या जागेचा पत्ता कोण सांगतं?

पत्ता त्याच्या स्वतःच्याच अंगात लिहिलेला आहे. या प्रथिनात तीन वेगवेगळ्या सूचना आहेत. एक केंद्रकात शिरण्यासाठी. दुसरी डीएनए धरण्यासाठी, तोच रंट भाग. तिसरी शेपटाकडे, तीसेक-चाळीसेक अमिनो आम्लांची, केंद्रकातल्या नेमक्या ठिपक्यांपर्यंत नेणारी. या तिसऱ्या सूचनेचा शोध अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर इथे गॅरी स्टाइन, जेन लायन, आंद्रे फान वाइनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. पहिला पुरावा १९९७ मध्ये रक्तपेशींतल्या रन्क्स१ या भावंडात सापडला, मग रन्क्स२ मध्ये.

शेपटाचा हा तुकडा उचलून दुसऱ्याच प्रथिनाला जोडला तर तेही त्या ठिपक्यांकडे जातं. तुकडा कापला तर रन्क्स२ केंद्रकात शिरतं, डीएनएही धरतं, पण त्या पक्क्या जागी टिकत नाही. धुण्याच्या पहिल्याच पायरीला वाहून जातं.

पण जागा चुकल्याने खरंच काही बिघडतं का, की हे नुसतं दिसण्यापुरतं आहे?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि तो संशयाने विचारणारा विद्यार्थी मला आवडतो.

२००१ मध्ये स्टाइन यांच्याच गटाने उंदरांत रन्क्स२ ची फक्त शेपटाची बाजू काढून टाकली. उरलेलं प्रथिन तयार होत होतं, केंद्रकात जात होतं, डीएनएही धरत होतं. तरी त्या उंदरांना हाड झालं नाही. संपूर्ण जनुक काढलेल्या १९९७ च्या उंदरांसारखीच ती पिल्लं जन्मली, आणि तशीच गेली.

लग्नघरातला आचारी डोळ्यांपुढे आणा. तो गावात आला, मांडवात शिरला, पदार्थ त्याला तोंडपाठ आहेत. पण चुलाणापाशी पोचलाच नाही. तांदूळ, तेल, चिरणाऱ्या बायका, वाढपी सगळे तिथे. मग पंगत उठणार कशी?

आता त्यातली अडचण. शेपूट कापलं तेव्हा फक्त पत्ता गेला नाही. रन्क्स२ चे अनेक सोबती याच भागाला चिकटतात. बीएमपी हा हाड घडवणारा बाहेरचा संदेश आत आणणारी स्मॅड प्रथिनं त्यात आहेत आणि जनुक दाबून ठेवणारं टीएलई हे प्रथिनही आहे. मग हाड झालं नाही ते जागा चुकल्यामुळे की सोबती सुटल्यामुळे? हे सोडवायला पुढे शेपूट न कापता त्यातली दोन-तीनच अमिनो आम्लं बदलून पाहिलं गेलं. तेवढ्यानेही रन्क्स२ जागेवरून ढळलं किंवा स्मॅडची गाठ सुटली, आणि बीएमपीचा संदेश हाडापर्यंत पोचेना. स्मॅडला धरणारा भाग आणि पत्त्याचा भाग एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणून माझं मत असं, की 'जागा' आणि 'सोबती' हे दोन वेगळे खुलासे मानू नयेत. रन्क्स२ जिथे बसतं तिथेच स्मॅड येऊन भेटतात, आणि ती भेट होणं हेच त्या जागेचं काम आहे. जागेचा परिणाम सोबत्यांपासून पूर्ण सुटा करून दाखवला गेलाय, असं कोणी सांगत असेल तर ते जरा जपूनच घ्या.

एखाद्या जनुकावर हे प्रत्यक्ष कसं घडतं?

ऑस्टिओकॅल्सिन घ्या. हाडाच्या जाळीत सापडणारं हे छोटं प्रथिन, माणसात ४९ अमिनो आम्लांचं. ऑस्टिओब्लास्ट पुरती पिकल्यावरच ते तयार होतं, म्हणून अभ्यासाला सोयीचं. लहान उंदरापेक्षा प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, त्याचा फार बारकाईने अभ्यास झाला.

रॅटमध्ये या जनुकाच्या अलीकडच्या पट्ट्यात रन्क्सला बसायला तीन जागा आहेत. एक जनुकाच्या अगदी तोंडाशी, दोन लांबवर. लांबच्या जागांजवळच ड जीवनसत्त्वाच्या ग्राहक-प्रथिनाची जागा आहे. पेशी अजून वाढत असते तेव्हा हा पट्टा हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो आणि डीएनए कापणारं एन्झाइमही तिथे शिरू शकत नाही. पेशी पिकली की दोन ठिकाणी फट पडते, एक तोंडाशी आणि एक लांब. मधला भाग गुंडाळलेलाच राहतो, आणि त्यामुळे ही दोन टोकं एकमेकांजवळ येऊ शकतात असं मानतात. रन्क्सच्या तिन्ही जागा बिघडवल्या की फटी पडत नाहीत आणि ड जीवनसत्त्व दिलं तरी जनुक नीट हलत नाही.

म्हणजे रन्क्स२ केवळ कळ दाबत नाही. ते डीएनएची घडी उघडतं, बाकीच्यांना यायला वाट करतं आणि त्यांना एका जागी धरून ठेवतं. स्टाइन यांच्या गटाने त्याला मचाण म्हटलं, ज्यावर बाकीचे कारागीर उभे राहतात. ते मला पटतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. ड जीवनसत्त्वाने रॅट आणि माणूस यांच्यात ऑस्टिओकॅल्सिन वाढतं, तर साध्या प्रयोगशाळेतल्या उंदरात उलट कमी होतं. एका प्राण्यातलं उत्तर दुसऱ्यावर लादू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

पेशीचं विभाजन होताना तर केंद्रकच मोडतं. मग ही सगळी मांडणी जाते कुठे?

विभाजनात गुणसूत्रं आवळून जाड होतात, केंद्रकाची भिंत विरघळते, जनुकांचं वाचन जवळजवळ थांबतं आणि बहुतेक नियंत्रक डीएनए सोडून देतात. मग दोन नव्या पेशींना आपण हाडाच्या आहोत हे कळतं कसं?

रन्क्स२ पूर्ण सोडत नाही. २००३ मध्ये असं दिसलं की विभाजनातही ते गुणसूत्रांपाशी राहतं आणि दोन्ही नव्या पेशींना सारखं वाटलं जातं. नव्या केंद्रकात ठिपके पुन्हा मांडले जातात. २००७ मध्ये स्टाइन यांच्याच गटाने दाखवलं की आवळलेल्या गुणसूत्रांवरही ते ठरावीक जनुकांवर बसून असतं. पुस्तकात पान मुडपून ठेवतो तसं. पुन्हा उघडलं की वाचन तिथूनच सुरू.

त्याच वर्षी 'नेचर'मध्ये आलेला त्यांचा दुसरा निबंध मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. विभाजनातले रन्क्स२ चे मोठे ठिपके रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांवर असतात. माणसात ही जनुकं १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर आहेत. रन्क्स२ तिथे बसून रायबोसोमचं उत्पादन आवरतं. रायबोसोम कमी म्हणजे प्रथिनं कमी, म्हणजे वाढ मंद. जी पेशी पिकून हाड विणणार आहे, तिला भरमसाट वाढून चालत नाही. पेशी कोण व्हायचं आणि किती वाढायचं, या दोन्ही गोष्टी एकाच प्रथिनाच्या हातात आहेत.

'न्यूक्लियर मॅट्रिक्स' खरंच असतं का? काही शिक्षक नाही म्हणतात.

१९७४ मध्ये रोनाल्ड बेरेझ्नी आणि डोनाल्ड कॉफी यांनी केंद्रकातून जवळपास सगळं धुऊन काढल्यावर उरणाऱ्या प्रथिनांच्या सांगाड्याला हे नाव दिलं. आक्षेप असा की इतके क्षार आणि डिटर्जंट वापरल्यावर काहीबाही चिकटून उरणारच, आणि जिवंत पेशीत तंतूंचं असं जाळं कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आक्षेप रास्त आहे. मी स्वतः आता विद्यार्थ्यांना 'केंद्रकातले तंतू' असं शिकवत नाही.

पण ठिपके खरे आहेत, ते न धुतलेल्या जिवंत पेशीतही दिसतात. ते टिकतात कसे याचं नवं उत्तर म्हणजे वरणावर तेलाचे थेंब वेगळे राहावेत तशी प्रथिनं द्रवातच वेगळी होऊन थेंब करतात. याचा रन्क्स२ शी थेट संबंध जुळलाय. या प्रथिनात ग्लुटामिन २३ वेळा आणि लगेच पुढे अॅलनिन १७ वेळा येतं. मुंडलोस यांच्या १९९७ च्या निबंधात एका कुटुंबात १७ ऐवजी २७ अॅलनिन होती, आणि त्या कुटुंबात क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया बोटांच्या आखूडपणासह होता. २०२० मध्ये बर्लिनमधल्या देनेश ह्निस यांच्या गटाने, मुंडलोसही त्यात होते, दाखवलं की अशी लांबलेली साखळी असलेल्या नियंत्रकांचे थेंब सोबत्यांशी नीट मिसळत नाहीत. त्याच्या तेवीस वर्षं आधी एका घरात दिसलेल्या लक्षणाचं कारण अशा रीतीने केंद्रकातल्या थेंबापर्यंत पोचलं.

हाडाव्यतिरिक्त इतर आजारांत याचा काही उपयोग?

तीन उदाहरणं पुरेत.

रक्ताच्या एका कर्करोगात ८ आणि २१ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये ही अदलाबदल नोंदवली. तिच्यात रन्क्स१ चं डोकं राहतं, शेपूट पत्त्यासह जातं आणि तिथे ईटीओ या दुसऱ्याच प्रथिनाचा तुकडा जोडला जातो. हे जोडप्रथिन केंद्रकात दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसतं आणि पेशी पिकतच नाही.

स्तनाचा कर्करोग हाडात पसरतो तेव्हा त्या पेशींत बऱ्याचदा रन्क्स२ सापडतं, जे तिथे इतकं असायला नको. २००५ मध्ये अशा पेशींत पत्ता बिघडवलेलं रन्क्स२ घालून त्या उंदरांच्या पायाच्या हाडात सोडल्या, तेव्हा हाड पोखरणं थांबलं. हे उंदरातलं आहे, उपचार म्हणून अजून हाती आलेलं नाही.

तिसरं, लॅमिन ए. केंद्रकाच्या अस्तराचं हे प्रथिन बिघडल्याने होणाऱ्या मॅन्डिब्युलोएक्रल डिस्प्लेसिया या आजारात जत्रुक झिजत जातं, जबडा लहान राहतो. रन्क्स२ बिघडलं तरी जत्रुक, भिंत बिघडली तरी जत्रुक.

मग रन्क्स२ वाढवणारी गोळी किंवा काढा घेतला तर हाडं मजबूत होतील?

नाही. अशा जाहिराती पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या गुडघे धरून बसलेल्या आजी-आजोबांसाठी असतात. २००१ मध्ये उंदरांच्या ऑस्टिओब्लास्टमध्ये मुद्दाम जास्त रन्क्स२ तयार करवलं, तेव्हा हाडं विरळ झाली आणि मोडू लागली. पेशी सुरुवातीच्या अवस्थेतच अडकून पडल्या, पुढे पिकल्याच नाहीत. पेशी घडायला सुरुवात करताना रन्क्स२ हवं, पण नंतर ते उतरावंही लागतं. हाडं विरळ होत असतील तर डॉक्टरांकडे जाऊन घनता तपासा, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सांगतील तेवढं घ्या, चाला. त्यासाठीची खरी औषधं आहेत आणि ती डॉक्टरच ठरवतील.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही करून पाहता येईल?

ठिपके पाहायला महागडा सूक्ष्मदर्शक आणि प्रतिपिंडं लागतात, ते सगळ्यांना जमणार नाही. पण पेशी हाड विणताना पाहता येतात, आणि पेशी वाढवायची सोय असेल तर मी प्रत्येकाला तेच करायला सांगतो.

उंदराच्या कवटीतून आलेल्या एमसी३टी३-ई१ या पेशी वापरतात. आपल्याकडे असे पेशीसंच पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवण्याची पद्धत आहे, कॉलेजच्या पत्रावर चौकशी करा. बशीचा तळ पेशींनी पूर्ण भरला की खाद्यात क जीवनसत्त्व आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालायचं. क जीवनसत्त्वाशिवाय कोलाजेन नीट विणलं जात नाही, दुसऱ्यातून फॉस्फेट मिळतं. दोन-तीन दिवसांनी खाद्य बदलत तीनेक आठवडे थांबायचं. पहिल्या आठवड्यात काही घडतंय असं वाटत नाही आणि मुलं कंटाळतात. त्यांना सांगा की आत याच दिवसांत पेशी वाढ थांबवून दिशा बदलत असतात. नंतर बशी उजेडाकडे धरली की तळावर धुरकट ठिगळं दिसू लागतात.

मग अलिझरीन रेड घालायचं. हा रंग मूळचा आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या युरोपातल्या एका झाडाच्या मुळांचा, आता कारखान्यात तयार होतो. १७३६ मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चियर यांना डुकराच्या मांसातली हाडं लालभडक दिसली. ते डुक्कर कापड छापणाऱ्याकडचं होतं आणि त्याच्या खाण्यात या मुळांच्या रंगात भिजलेला कोंडा होता. रंग फक्त हाडालाच धरला होता, कारण तो कॅल्शियमला चिकटतो. तुमच्या बशीतही तेच होईल. पाच-दहा मिनिटं रंग ठेवा, पाण्याने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत घाई करू नका. शेजारी क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट न घातलेली बशी ठेवायला विसरू नका. ती फिकी राहील, आणि दुसरीत विटकरी लाल गाठी उमटलेल्या असतील.